काकांच्या आवाजातलं ‘आगं’

अण्णांना लकवा मारला त्या दिवसापासून आमच्या नांदेडच्या घरात सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटलं ते एका शब्दावाचून. माझे वडील आयुष्यभर आईला ‘आगं’ म्हणून हाक मारत आले. कधी नाव घेतलं नाही, कधी माझं नाव घेऊन ‘अमकीची आई’ म्हणाले नाहीत. नुसतं ‘आगं’. त्यातला ‘आ’ ते इतका लांबवायचे की आई मागच्या अंगणात धुणं वाळत घालत असली तरी तो तिच्यापर्यंत पोचायचा आणि ती तिथूनच ‘आले, आले’ म्हणायची. त्या ‘आले’मध्ये दर वेळी थोडा वैताग असायचा. किनवटच्या आश्रमशाळेत अण्णा वसतिगृहाचे अधीक्षक होते. मैदानाच्या त्या टोकाला झाडावर चढलेलं पोर या टोकावरून खाली उतरवायचा आवाज त्यांच्याकडं होता. निवृत्तीनंतर ओरडायला पोरं राहिली नाहीत, म्हणून सगळा आवाज आईच्या वाट्याला आला, असं मी चिडवायची.

लकव्यात उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, पण तोंडातून शब्द येईल अशी आशा धरू नका. दुसरा झटका येऊ शकतो, हेही त्यांनी तेवढ्याच शांतपणे सांगितलं. डाव्या हाताची बोटं हलायची, डोळे हलायचे. डोळे उघडे म्हणजे होय, मिटले म्हणजे नको, अशी सोय आईनं लावून घेतली होती. थोड्या थोड्या वेळानं स्वैपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायची, ‘काही पायजे का?’ विचारायची, अण्णा डोळे मिटायचे, ती परत जायची. आता हाक मारणं राहिलं नव्हतं, नुसतं विचारणं राहिलं होतं.

मी तेव्हा लातूरहून दर शनिवारी नांदेडला यायची. अशाच एका शनिवारी आई भाकरी थापत होती आणि मी शेजारी बसले होते. तिचे हात मध्येच थांबले. मान बाहेरच्या खोलीकडं वळली. तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

‘काय झालं गं?’ मी विचारलं.

‘काही न्हाई. हाक आल्यासारखी वाटली.’

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. तिथंच मी ठरवलं की अण्णांना आईला हाक मारता आली पाहिजे. बाकी सगळं नंतर.

आधी साधे उपाय केले. बेल आणून खाटेच्या दांडीला लावली. अण्णांनी ती एकदाच वाजवली आणि मग हात असा बाजूला घेतला, की पुन्हा तिकडं नेलाच नाही. त्यांनी आयुष्यभर पोरांसाठी घंटा वाजवायला लावली होती. बायकोला घंटेनं बोलवायचं त्यांना पटलं नसणार. मग मोबाइलवर एक बोलणारी सोय मिळाली. तिच्यातली बाई म्हणायची, ‘कृपया मला पाणी द्यावे.’ अण्णांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. आमच्या घरात ‘कृपया’ कुणी कुणाला म्हटलं असतं तर भांडण झालंय असंच वाटलं असतं.

मी लातूरला एका तंत्रनिकेतनात सी ही संगणकाची भाषा शिकवते. दुसरं फारसं काही मला येत नाही, आणि जे येतं ते मुलांना नको असतं. पण यावेळी मला वाटलं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. पडद्यावर शब्द ओळीनं मांडायचे. एक उजेडाची चौकट एकेका शब्दावरून सरकत राहील. हव्या त्या शब्दावर चौकट आली की अण्णा बटन दाबतील आणि संगणक तो शब्द मोठ्यानं म्हणेल. बटन म्हणून तीच बेलची कळ माउसच्या तारांना जोडली, म्हणजे ती अण्णांच्या डाव्या तळहाताखाली ठेवता येईल. प्रयोगशाळेतून भंगारात काढलेला एक संगणक रीतसर अर्ज करून मागून घेतला आणि एसटीत मांडीवर धरून नांदेडला आणला. कंडक्टरनं त्याचंही तिकीट काढायला लावलं.

राहिले शब्द. ते आईला विचारून ठरवले. पाणी, चहा, पंखा, कूस बदल, दुखतंय, चष्मा, टॉवेल, पेपर. लघवीला ती तो शब्द म्हणेना, ‘बाहेर’ म्हण म्हणाली. शेवटी होय आणि नको.

‘आणि तुला हाक मारायला?’ मी विचारलं.

‘मला कशाला हाक? मी काय कुठं पळून जाऊन राहिले?’ असं म्हणून ती उठून गेली. पण जाताना हसली होती. त्या दोन महिन्यांत मी पाहिलेलं ते पहिलं हसू.

आवाज कुणाचा घ्यायचा याचा मला विचार करावा लागला नाही. औशाजवळच्या आमच्या गावात काका राहतात, अण्णांचे धाकटे भाऊ. शेती तेच बघतात. दोघा भावांचा आवाज असा सारखा, की फोनवर घरच्यांचीही गफलत व्हायची. काकांचा फोन आला की आई आधी ‘आवो’ म्हणून सुरुवात करायची, मग ओळख पटल्यावर जीभ चावून ‘भावजी व्हय?’ म्हणायची, आणि समोर कुणी नसताना डोक्यावरचा पदर सारखा करायची. याच्यावरून आम्ही तिला किती हसलोय.

लातूरहून औसा काही लांब नाही. मी कॉलेज सुटल्यावर काकांच्या शेतावर गेले आणि गोठ्यासमोर बसून त्यांना शब्द म्हणायला लावले. सुरुवातीला ते आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं बोलायला लागले. ‘पाणी’ म्हणताना णचा उच्चार त्यांनी जन्मात पहिल्यांदा इतका नीट केला असेल. मी म्हटलं, ‘काका, अण्णा म्हणतात तसं म्हणा.’

त्यांनी घसा खाकरला. मग म्हणाले, ‘पानी.’

अण्णा तिथं येऊन बसल्यासारखे वाटले, चपला काढून, पाय लांब करून. काकांनी गमछ्यानं तोंड पुसलं आणि पुढचे शब्द भराभर म्हणून टाकले. सगळे झाल्यावर मी म्हटलं, ‘आता शेवटचा. आगं.’

काकांनी माझा फोन बाजेवर ठेवून दिला. ‘त्ये न्हाई व्हायचं.’

‘का?’

‘वैनीला आगं म्हनू मी? जीभ झडंल माझी.’

‘तुम्ही कुठं म्हणताय? अण्णा म्हणतायत.’

‘आवाज तर माझा हाय न्हवं? मी शाळंत जात होतो तवा वैनी घरात आली. मायनं जेवाय वाढलं न्हाई तेवढं तिनं वाढलं. तिच्याम्होरं मी अजून बाजंवर बसत न्हाई, आन तिला आगं म्हनू?’

मी पुष्कळ समजावलं. हा नुसता आवाज आहे, फाइल आहे, यंत्र वाजवणार आहे. ते मान हलवत राहिले. मी रागारागानंच निघाले आणि एसटी येईपर्यंत फाट्यावर उभी राहून मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले. मग वाटलं, बाकीचं तर सुरू करू. काका वळतील हळूहळू.

लातूरच्या प्रयोगशाळेत प्रोग्रॅम छान चालला. पेन ड्राइव्हवर घेऊन नांदेडला आले, घरच्या मशीनवर लावला, तर तो सुरूच होईना. कारण कळायला वेळ लागला नाही: प्रयोगशाळेतलं मशीन चौसष्ट बिटांचं, हे म्हातारं बत्तीस बिटांचं. तिथं बांधलेला प्रोग्रॅम इथं चालणारच नव्हता. इथंच बसून पुन्हा बांधायला हवा होता.

ज्यांना या कामाशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते की सीमधला प्रोग्रॅम दोन टप्प्यांत तयार होतो. आधी कंपायलर तुमचं लिखाण वाचतो. आवाज वाजवायचं काम दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेलं असतं, त्याला लायब्ररी म्हणतात. तुम्ही त्या कामाचं नुसतं नाव लिहिलं आणि ‘हे दुसरीकडं आहे’ असं सांगितलं तर कंपायलर विश्वास ठेवतो आणि पुढं जातो. मग लिंकर येतो. तो विश्वास ठेवत नाही. ते नाव घेऊन तो प्रत्यक्ष लायब्ररीत जातो, आणि तिथं सापडलं नाही तर थांबतो. अनडिफाइन्ड रेफरन्स, असं म्हणतो. म्हणजे नाव घेतलंय खरं, पण त्या नावाचं इथं कुणी नाही.

पहिल्या शनिवारी मला असे पडदाभर संदेश आले. त्यातला एक बघून मला हसू आवरेना. इथं बदल करताना मी सवयीनं ‘गेटच’ लिहून गेले होते, म्हणजे कळ दाबेपर्यंत थांबायचा आदेश. आमच्याकडं सगळीकडं सी शिकवतात ती एका जुनाट कंपायलरच्या निळ्या पडद्यावर, आणि बाहेर तो आता कुठंच वापरत नाहीत. तिथल्या गेटच आणि क्लिअरस्क्रीन या गोष्टी बाहेरच्या जगात सापडत नाहीत. मुलं त्या लिहून आणतात, मी ओरडते, आणि माझ्या स्वतःच्या बोटांनी तेच टाइप केलं होतं. मी मोठ्यानं म्हटलं, ‘अण्णा, तुमची लेक नापास.’ अण्णांनी डोळे उघडे ठेवले. म्हणजे होय. त्यांचं डोकं शाबूत आहे याचा त्याहून चांगला पुरावा मला नको होता.

गेटच काढलं. मग आवाजाच्या लायब्ररीचीच तक्रार यायला लागली. लायब्ररी मशीनवर होती, मी डोळ्यांनी बघत होते, आणि लिंकर म्हणत होता की नाही. ती शोधण्यात तो शनिवार आणि रविवार गेला. चूक होती ती क्रमाची. आदेश लिहिताना आधी आपली फाइल आणि तिच्यामागं लायब्ररी लिहायची असते, कारण लिंकर डावीकडून उजवीकडं जातो आणि कुणी अजून न मागितलेली गोष्ट उचलून बरोबर नेत नाही. मी लायब्ररी आधी लिहिली होती. लातूरच्या मशीननं ते चालवून घेतलं होतं, या मशीननं घेतलं नाही.

पुढच्या शनिवारी प्रोग्रॅम जोडला गेला. कसलीही तक्रार नाही. शब्द दिसले, चौकट सरकली, मी बटन दाबलं, आणि काहीच ऐकू आलं नाही. स्पीकर बदलला, तारा हलवल्या, फाइली पुन्हा आणल्या. एरर असली तर बरं असतं, तिच्या मागं जाता येतं. इथं सगळं ठीक होतं आणि अण्णा मुके होते. आई मध्येच येऊन म्हणाली, ‘जाऊ दे की, नगं एवढा जीव जाळू. त्यांच्याजवळ बस जरा.’ मी तिच्यावर खेकसले. अण्णा खाटेवरून माझ्याकडं बघत होते आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. दुसऱ्या झटक्याचं डॉक्टरांचं वाक्य डोक्यात फिरत होतं. एखाद्या शनिवारी मी येईन आणि उशीर झालेला असेल, ही भीती त्या दिवसांत मला एसटीत, वर्गात, जेवताना, सगळीकडं असायची.

कुठला प्रोग्रॅम कुठली लायब्ररी उचलतो ते दाखवणारा एक आदेश असतो. तो दिला तेव्हा कळलं. त्या मशीनवर त्याच नावाची आणखी एक लायब्ररी होती, फार जुनी. हा डबा कॉलेजात असताना कुणीतरी तिथं टाकून गेलेलं असणार. माझा प्रोग्रॅम सुरू होताना तिच्याकडं जात होता, कारण ती वाटेत आधी लागत होती. नाव तेच, त्यामुळं कुठंच अडायचं कारण नाही. मी ती जुनी प्रत काढून टाकली, मशीनमधली लायब्ऱ्यांची यादी ताजी केली, आणि बटन दाबलं.

‘पानी,’ काका म्हणाले.

आई स्वैपाकघरातून धावत आली. दारातच थबकली, आणि तिचा हात पदराकडं गेला. ‘भावजीच आल्यावानी वाटलं,’ ती म्हणाली. मी तिकडं फार लक्ष दिलं नाही. मी अण्णांचा तळहात कळीवर ठेवत होते. चौकट सरकत गेली. त्यांनी दोन फेऱ्या नुसत्या जाऊ दिल्या. आईनं तेवढ्यात पेजेची वाटी आणली होती. चौकट शेवटच्या शब्दावर आली आणि अण्णांनी बोट दाबलं.

‘नको.’

पेजेला नको! आई हसता हसता रडायला लागली. ‘बघ, पयला सबुद काय काढला ह्या मानसानं,’ म्हणाली आणि वाटी घेऊन तशीच खाली बसली. त्या दिवशी अण्णांनी चहा मागितला, पंखा बंद करवला, पेपर वाचून घेतला. मी लातूरला परत गेले ती एसटीत अख्खा रस्ता झोपून.

पण पुढं मी बघायला लागले, तेव्हा दिसलं की दिवसातून किती तरी वेळा अण्णा चौकट नुसती फिरू देत. सगळे शब्द येऊन जायचे आणि त्यांची नजर स्वैपाकघराच्या दाराकडं असायची. त्यांना काय हवंय ते मला माहीत होतं. काकांना फोनवर पुन्हा सांगितलं. पुढच्या रविवारी ते औशाहून निघून थेट नांदेडला आले. भावाच्या पायाशी बसले. अण्णांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. काकांनी पडद्याकडं पाहिलं, अण्णांच्या नजरेकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. बराच वेळ बसून मग उठले आणि मला म्हणाले, ‘चल. कर ते.’

आम्ही गच्चीवर गेलो. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि माझ्याकडं पाठ केली. ‘कसं म्हनत होता गं दादा? लांबवून?’

‘हो. आ लांबवून.’

त्यांनी हाक मारली. एकदाच. शेजारच्या गच्चीवरची बाई वळून बघायला लागली. ती हाक अण्णांची होती, तीत काही कमी-जास्त नव्हतं. काकांनी टोपी डोक्यावर ठेवली, खाली उतरले आणि आईनं ताट वाढलं होतं तरी न जेवता निघून गेले. तिच्या तोंडाकडं त्यांनी पाहिलं नाही.

शब्द प्रोग्रॅममध्ये घालायला मला जेमतेम चहा थंड होईल एवढा वेळ लागला. या वेळी एकही एरर आली नाही. मी अण्णांना सांगितलं, पहिल्याच जागी ठेवलाय. आई आत पोळ्या लाटत होती. अण्णांचे डोळे मोठे झाले. चौकट पहिल्या शब्दावर आली आणि त्यांनी कळ दाबली.

‘आऽगं.’

लाटण्याचा आवाज थांबला. ‘आले’ ऐकू येईना. आई दारात येईना. अण्णांनी फेरी पूर्ण होऊ दिली आणि पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मी आत गेले तर आई पोळपाटापुढं बसली होती, पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढलेला, हात पिठात तसेच.

‘आई, अण्णा बोलवतायत.’

‘ठाऊक हाय मला.’

‘मग जा ना!’

‘कशी जाऊ? भावजी बोलून राहिले मला. भावजी आगं म्हनून राहिले. तेन्ला किती जड गेलं आसंल. मी आता त्येंच्यापुढं कशी जाऊ?’

‘अगं, काका औशाला निघून गेले. बाहेर अण्णाच आहेत.’

‘मला कळतंय. कानाला कसं सांगू?’

मी भडकले. एवढे शनिवार, एवढी खटपट, काकांना एवढं छळलं, आणि ही बसलीये पदर ओढून. ते सगळं मी तिला ऐकवलं. बाहेरून तिसऱ्यांदा ‘आऽगं’ आलं. तेव्हा तिनं हात धुतले, बाहेर गेली आणि खाटेच्या कडेला उभी राहून खाली मान घालून म्हणाली, ‘नका दाबू ते. मी हितंच बसत जाते. मग तर झालं?’

अण्णांनी डोळे मिटले नाहीत आणि उघडेही ठेवले नाहीत नीट. कळीवरचं बोट मात्र काढून घेतलं.

नाव तेच, सापडलंही, कुठं अडलं नाही, आणि जाऊन जोडलं गेलं दुसऱ्याच ठिकाणी. हे मी याच मशीनवर निस्तरलं होतं. तिथं जुनी प्रत काढून टाकली की भागलं. आईच्या आत जे बसलेलं होतं ते काढून टाकायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण ते काही वाईट नव्हतं. राग शांत झाल्यावर मला तिची आणि काकांची दोघांची फार माया आली. आणि अण्णांचीही. तिघांमध्ये चुकीचं कुणीच वागलं नव्हतं.

त्या दिवसापासून आईनं आपलं बस्तान बाहेरच्या खोलीत हलवलं. भाजी तिथंच निवडायची, तूरडाळ तिथंच पाखडायची, दुपारी तिथंच खाली चटई टाकून पडायची. हाक मारायची गरजच ठेवली नाही तिनं. अण्णा बाकीचे शब्द वापरायचे. ‘आगं’ मी काढलं नाही, पण त्यांनी ते पुन्हा दाबलं नाही. चौकट त्याच्यावर आली की त्यांचं बोट कळीवरून थोडं वर उचललेलं असायचं.

मी आईला एकदा विचारलं की आधी अण्णा तुला हाक मारायचे, ते मारून झाल्यावर काय म्हणायचे? तेही शब्द घालू. तिनं खूप विचार केला. ‘काय म्हननार? पानी आन. टावेल कुठंय. चष्मा दे. दुसरं काय म्हनत्यात मान्सं?’ ते सगळे शब्द होते आधीपासून. यादी पुरी होती.

अण्णा गेले त्याच्या आदल्या रविवारी काका पुन्हा आले होते. अण्णांचं गिळणं बंद झालं होतं, दवाखान्यातून घरी न्या म्हणून सांगितलं होतं. काका पायाशी जमिनीवर बसले होते. आई उशाशी खाली बसली होती, खाटेला खांदा टेकून. मी कळफलक मांडीवर घेऊन बसले होते, दुसरं काही करता येत नाही म्हणून. मशीन सुरू होतं. अण्णांचा हात कळीवर होता, पण तो आता नुसता ठेवलेला असायचा.

चौकट पहिल्या शब्दावर आली आणि बोट हललं.

‘आऽगं.’

काकांनी दचकून जमिनीकडं पाहिलं. मी आईकडं पाहिलं. तिचा हात पदराकडं गेला. अर्ध्यावर थांबला. तिनं पदर ओढला नाही. तो हात तिनं अण्णांच्या छातीवर ठेवला, वर तोंड केलं, आणि दिरासमोर, मोठ्यानं, म्हणाली, ‘काय वो?’

काका उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. दाराआडून त्यांची पाठ हलताना दिसत होती.

अण्णा आईकडं बघत होते. चौकट पुढं निघाली. ‘पानी? पानी देऊ?’ आईनं विचारलं. चौकट गेली. ‘कूस बदलू? दुखून राहिलं का?’ अण्णांनी डोळे मिटले. नको. चष्मा गेला, टॉवेल गेला, पेपर गेला. एकेका शब्दापाशी आई विचारत होती, आणि ते डोळे मिटत होते आणि पुन्हा उघडून तिच्याकडंच बघत होते. सगळे शब्द संपले. चौकट पुन्हा पहिल्यापासून फिरायला लागली.

‘ह्यातलं न्हाई? मग काय वो? काय म्हनायलाव?’

ती माझ्याकडं वळली. ‘बाई, घाल की त्यात. जे म्हनून राहिले ते घाल.’

मला कोणताही शब्द घालता आला असता. आता त्या मशीनवर काहीच अडत नव्हतं, क्षणात जोडला गेला असता. बोटं कळफलकावर ठेवून मी बसून राहिले. कोणता शब्द घालायचा, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.